स्टर्नड्राइव्ह बोटीचे रबरी बेलो बदलताना

सप्टेंबरात धरणाचं पाणी चढलं, बोट खाली सोडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. "मिस्त्री, बोट मागून खाली बसायलीय. इंजिनाच्या पट्ट्यापर्यंत पाणी आलंय." मी पैठणहून काठावर पोचेपर्यंत मालकाने दोन बादल्या आणि शेतातला एक छोटा पंप लावून पाणी उपसायला सुरुवात केली होती. भोक शोधायला अर्धा तास गेला. शेवटी सापडलं ते अंगठ्याएवढ्या जाड रबरी नळीला पडलेली नखाएवढी चीर. दोन महिन्यांपूर्वी त्याच बोटीचा मोठा बेलो, म्हणजे रबरी भाता, मी स्वतः हाताने दाबून पाहिला होता आणि "अजून वर्षभर चालतंय" असं सांगितलं होतं. धाकट्या बेलोकडे, म्हणजे या नळीकडे, पाहिलंच नव्हतं. चूक माझी होती, त्यामुळे पुढचं सगळं काम फुकटात केलं आणि तेव्हापासून एक सवय लागली: बेलो बदलायचे तर सगळे एकदम.

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, बहुतेक होड्या आणि मागे टांगलेली आऊटबोर्ड इंजिनं. स्टर्नड्राइव्हवाली, म्हणजे इंजिन आत आणि बोट ढकलणारा पंखा मागे बाहेर असलेली फायबर बोट आमच्याकडे विरळाच. गंगापूर तालुक्यातल्या एका बागायतदाराने मुंबईकडून जुनी घेऊन आणली म्हणून माझा हात तिला लागला. माझा मूळ धंदा जीप, ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट बदलण्याचा. एक गोष्ट लगेच लक्षात आली, की यात अवघड असं फारसं काही नाही, पण चुकलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि बोट तळाशी जाते. (पाण्यावर बोट चालवायच्या परवानग्यांचा विषय वेगळा, तो मालकाने पाहावा.)

हा बेलो करतो काय

इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर, आणि मध्ये बोटीची मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम. इंजिनाची ताकद बाहेर न्यायची तर त्या फळीला भोक पाडावंच लागतं, आणि ते भोक पाण्याच्या रेषेखाली असतं. १९५९ साली वोल्वो पेंटाने 'ॲक्वामॅटिक' नावाने ही रचना बाजारात आणली, तिच्यामागे जिम विन या अमेरिकन इंजिनिअरचं डोकं होतं. १९६१ मध्ये मर्क्रूझर आलं. तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पना तीच आहे: बाहेरचं अंग, म्हणजे ड्राइव्ह, डावी-उजवीकडे वळलं पाहिजे, वर-खाली झुकलं पाहिजे, शाफ्ट फिरत राहिला पाहिजे, आणि तरी भोकातून थेंबही आत येता कामा नये. हे सगळं एका रबरी भात्यावर सोडलेलं आहे. हार्मोनियमचा भाता डोळ्यासमोर आणा, तो गोल करा, त्याची एक कड ट्रान्समला आणि दुसरी ड्राइव्हला बांधा. झाला बेलो.

गाडीचा सीव्ही बूट फाटला तर धूळ आत जाते आणि दोन महिन्यांनी टकटक आवाज यायला लागतो. इथे बाहेर धूळ नसते, बाहेर अख्खा नाथसागर असतो.

मी पुढे लिहितोय ते मर्क्रूझर अल्फा वन जनरेशन टू या ड्राइव्हला धरून, कारण जुन्या बोटींवर तोच जास्त दिसतो. त्यावर तीन बेलो असतात. सगळ्यात जाड तो यू-जॉइंटचा बेलो. गाडीच्या भाषेत सांगायचं तर क्रॉस जॉइंटवरचा. त्याच्याखाली एक्झॉस्टचा, धूर पाण्याखाली सोडणारा. आणि बाजूला गियरच्या केबलवरचा बारका. एक्झॉस्टचा फाटला तर बोट बुडत नाही, फक्त आवाज वाढतो. केबलवरचा दिसायला काहीच नाही, पण पाणी थेट आत सोडतो. यू-जॉइंटचा फाटला की पाणी आधी क्रॉस आणि बेअरिंग खातं, मग बेअरिंगमधून बोटीत उतरतं. आमच्या त्या सकाळचा गुन्हेगार केबलवाला होता.

फाटलाय हे कसं ओळखायचं

बेलोच्या घड्या वरून नीट दिसतात, चिरा मात्र घडीच्या तळाशी पडतात. म्हणून बोट जमिनीवर असताना ड्राइव्ह पूर्ण वर उचला, स्टेअरिंग एका बाजूला टोकापर्यंत वळवा आणि ताणलेल्या बाजूच्या घड्या बोटांनी उघडून टॉर्चच्या उजेडात पाहा. मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच. रबर बोटाने दाबल्यावर बारीक जाळीसारख्या चिरा दिसल्या तर तो गेला म्हणून समजा, आरपार चीर असो वा नसो. ड्राइव्ह खाली असताना, सगळं सैल असताना पाहणं म्हणजे न पाहण्यासारखं आहे. मी तेच केलं होतं.

दुसरी खूण कानाला कळते. स्टेअरिंग वळवताना मागून घरघर ऐकू आली तर ट्रान्समपाशी शाफ्टला आधार देणाऱ्या गिंबल बेअरिंगमध्ये बहुधा पाणी शिरलेलं आहे. बेअरिंग सहसा आपणहून खराब होत नाही, बहुतेक वेळा त्याच्या पुढचा बेलो आधी गेलेला असतो. तिसरी खूण बिल्जमधलं पाणी. पाऊस नसताना, इंजिनाच्या नळ्या कोरड्या असताना बोटीच्या तळाशी पाणी साचतंय, तर बहुधा ते ट्रान्समकडूनच येतंय.

आमच्याकडे रबर लवकर मरतं. नाथषष्ठीच्या आसपास पाणी काठापासून दूर जायला लागतं, लोक गाळपेर जमिनीवर पिकं घेतात, आणि बोट ट्रेलरवर चढते ती थेट धरण भरल्यावर उतरते. मधले सगळे महिने ती उभीच, त्यात एप्रिल-मेचं चाळिशीपार गेलेलं ऊन. त्यात मालकाला ट्रेलरवर ड्राइव्ह वर उचलून ठेवायची सवय, मागे काही लागू नये म्हणून. बेलो त्या वाकलेल्या आकारातच कडक होतो आणि पहिल्यांदा खाली सोडताना घडीत तडकतो. उंदरांचं तर विचारूच नका. शेडमधल्या बोटीचा बेलो कुरतडलेला मी पाहिलाय. माझ्या अंदाजाने आमच्या हवेत तीन वर्षांवर बेलो ठेवू नये. बोट सावलीत आणि ड्राइव्ह खाली ठेवून उभी असेल तर पाच.

वेळ आणि सामान

काम जून-जुलैत करा. वरच्या धरणांतून पाणी सुटून नाथसागर भरायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, त्यामुळे हातात वेळ असतो. मे महिन्यात करायचं झालंच तर सकाळी दहाच्या आत. त्याचं कारण चिकटद्रव्याच्या भागात येईल.

बेलो एक एक न घेता किट घ्या. त्यात तिन्ही बेलो, क्लिपा, गॅस्केट आणि ओ-रिंग येतात. गिंबल बेअरिंग आणि गियरची केबल यांसह मिळणारं किट महाग असतं, पण ड्राइव्ह एकदा उतरवल्यावर दुसऱ्यांदा उतरवायचे कष्ट त्याहून महाग पडतात. केबलची बाहेरची आवरणनळी तडकलेली असेल तर नवा बेलो घालूनही पाणी तिच्या आतून येत राहतं. पैठणला किंवा संभाजीनगरला हे मिळणार नाही, मुंबई, गोवा किंवा कोचीहून मागवावं लागतं. मागवताना ड्राइव्हवरचा सीरियल नंबर द्या, "अल्फा वन" एवढं सांगून भागत नाही. जनरेशन वन आणि टू यांचे बेलो एकमेकांना बसत नाहीत. स्वस्त नकली बेलोही मिळतात, दिसायला तसेच, पण रबर पातळ आणि कडेची खाच उथळ. ते मी परत पाठवतो.

हत्यारांमध्ये गोटी पाने, टॉर्क पाना, सर्क्लिप पक्कड, ग्रीस गन हे गॅरेजात असतंच. वेगळी लागतात ती तीन: हिंज पिन (ड्राइव्ह ज्यांवर वर-खाली झुकतो त्या) उघडायचा षट्कोनी बिट, गिंबल बेअरिंग ओढायचा पुलर, आणि इंजिन व बेअरिंग एका रेषेत आहेत का ते पाहायचा अलाइनमेंट बार. पहिली दोन मी लेथवाल्याकडून करून घेतली. अलाइनमेंट बार मात्र करून घेऊ नका, विकत किंवा भाड्याने आणा. तो एका केसाने वाकडा असला तर सगळंच वाकडं.

ड्राइव्ह उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ड्राइव्ह पूर्ण खाली आणि सरळ. गियर पुढच्या बाजूला टाका, अल्फामध्ये हे विसरू नका, कारण आतला गियरचा जोड त्याच स्थितीत सुटतो आणि त्याच स्थितीत बसतो. पंखा हाताने फिरवून पाहा, एका दिशेला अडकला पाहिजे.

आता ऑइल काढा. खालचा प्लग उघडा, भांडं धरा, मग वरचा उघडा. ताकासारखं पांढरट ऑइल निघालं तर ड्राइव्हच्या आतही पाणी गेलंय, म्हणजे सीलचं काम वेगळं वाढलं. काळसर पण स्वच्छ असेल तर नशीब.

ट्रिमचे, म्हणजे ड्राइव्ह वर-खाली झुकवणारे, दोन्ही सिलिंडर मागच्या टोकाला पिनवर बसलेले असतात. प्लास्टिकची टोपणं काढा, नट सोडा, पिन ठोकून काढा आणि सिलिंडर दोरीने वर बांधून ठेवा, नाहीतर ते होजवर लोंबकळतात. स्पीडोमीटरची बारीक नळी असेल तर सोडवून घ्या. मग ड्राइव्ह बेल हाउसिंगला (ड्राइव्ह आणि ट्रान्सम यांच्या मधल्या भागाला) धरून ठेवणारे सहा नट. पाच-अष्टमांश इंचाची गोटी लागते. सगळे एकदम काढू नका, दोन शेवटपर्यंत सैल ठेवा.

ड्राइव्हचं वजन पन्नास किलोच्या आसपास. मागे एक माणूस खाली वाकून धरणारा, एक वरून. शेतातला ट्रायपॉड आणि चेनपुली असेल तर उत्तमच. सरळ मागे ओढा. अर्धवट बाहेर आलेला ड्राइव्ह लोंबकळू देऊ नका, शाफ्टवर वजन आलं की आतली टोकं खराब होतात. बरीच वर्षं न उतरवलेला ड्राइव्ह हलत नाही. तेव्हा पहार घालून दोन हाउसिंगच्या मध्ये उचकटायची इच्छा होते. ॲल्युमिनियमची ती कड एकदा दबली की गॅस्केट कधीच नीट बसत नाही. वर-खाली हलवत राहा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या उस्तादांचं म्हणणं असायचं, "पहार हातात आली की डोकं खिशात जातं."

बेल हाउसिंग सोडवणं

ड्राइव्ह गेल्यावर समोर जे राहतं ते बेल हाउसिंग. तीन बेलो तिला आणि ट्रान्समवरच्या गिंबल हाउसिंगला जोडतात. आता फोन काढा आणि प्रत्येक बाजूने फोटो घ्या: वायर कुठून जातात, क्लिपचा स्क्रू कुठल्या दिशेला आहे, अर्थिंगची वायर कुठल्या बोल्टवर आहे. हे फोटो संध्याकाळी उपयोगी पडतात, तेव्हा सगळं विसरायला होतं.

आत, इंजिनावर, गियर केबलचं टोक सोडवा. त्याआधी केबलच्या आटे असलेल्या तुकड्यावर मार्करने खूण करा, म्हणजे परत लावताना गियरचं समायोजन पुन्हा करावं लागणार नाही. पाण्याची नळीही बेल हाउसिंगकडून सोडवायची. ट्रिमचे दोन सेन्सर हिंज पिनच्या टोकावर असतात, त्यांच्या वायर नाजूक, त्यांना ओढू नका. स्क्रू काढून बाजूला वळवा.

आता क्लिपा. आपल्याकडे त्यांना जुबली क्लिप म्हणतात, त्याच पद्धतीच्या. जुन्या क्लिपा गंजून एकजीव झालेल्या असतात, कापून टाका, नव्या किटमध्ये आहेत. क्लिपच्या खाली स्प्रिंगसारखी एक छोटी पातळ पट्टी असते. ती फेकू नका. ती विजेची जोडणी करते, क्लिपला हाउसिंगच्या धातूशी जोडते. ती हरवली की क्लिपला ॲनोडचं (गंज स्वतःवर घेऊन बाकीचा धातू वाचवणाऱ्या तुकड्याचं) संरक्षण मिळत नाही आणि क्लिप हळूहळू खाल्ली जाते. जाता जाता सांगतो, मुंबईच्या बोटीवरचे जस्ताचे ॲनोड आपल्या गोड्या पाण्यात काम करत नाहीत, त्यांच्यावर थर बसतो आणि ते गप्प होतात. गोदावरीला मॅग्नेशियमचे लावा.

मग हिंज पिन. दोन, डाव्या-उजव्या बाजूला, चिकट द्रव लावून घट्ट बसवलेल्या. बिट नीट आतपर्यंत बसवा, लांब हँडल लावा, सावकाश जोर द्या. हलत नसेल तर हीट गनने धातू गरम करा, रबर आणि वायरपासून लांब राहून. पिनमागच्या नायलॉनच्या वॉशर कुठल्या बाजूला होत्या ते लक्षात ठेवा. पिन निघाल्या की बेल हाउसिंग हातात येते, केबल तिच्यासोबत मागे ओढून घ्या. जुने बेलो ब्लेडने चिरून काढताना ब्लेडचं टोक धातूवर ओढू नका. तिथे पडलेला ओरखडा पुढे पाण्याची वाट होतो.

साफसफाई, म्हणजे खरं काम

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालतो. बेलो चढवायला वीस मिनिटं लागतात, आणि तो बसतो त्या कडा साफ करायला दीड तास. बरेच जण उलटं करतात.

ज्या कडेवर बेलो चढतो तिच्यावर जुन्या चिकटद्रव्याचा थर, पांढरी ॲल्युमिनियमची पावडर आणि गाळ असतो. तो राहिला की नवं रबर त्या पावडरीवर बसतं, धातूवर नाही. क्लिप कितीही आवळा, पाणी पावडरीतून झिरपत राहतं. तारेचा ब्रश वापरू नका, लोखंडाचे कण ॲल्युमिनियमवर चिकटतात आणि गंजाची सुरुवात तिथून होते. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर आणि थिनर, बस. जुना थर आडदांड असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. शेवटी कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, बोटाने चोळून पाहा: बोट कोरडं, चकचकीत धातूसारखं सरकलं पाहिजे. काळं लागलं तर परत.

गिंबल हाउसिंगच्या कडेलाही खोल खड्डे पडलेले आहेत का ते पाहा. थोडे असतील तर चिकटद्रव्याने भरून निघतात. कड खाल्ली जाऊन पातळ झाली असेल तर ते हाउसिंगच बदलायला झालंय, मालकाला तसं स्पष्ट सांगा.

थिनर, रबर चिकटवायचं द्रव, दोन्ही पेट घेणारे. मोकळ्या हवेत करा. बोटीच्या इंजिन खोलीत वाफ साचू देऊ नका, आणि बिडी-सिगारेट त्या दिवशी बंद.

बेअरिंग

बेल हाउसिंग निघाली की गिंबल बेअरिंग समोर दिसतं. आतल्या रिंगेत बोट घालून फिरवा. खरखर, अडखळ, गंजाचा पावडर रंग, यातलं काहीही जाणवलं तर बदला. पाणी शिरलेलं बेअरिंग "सध्या चालतंय" म्हणून सोडू नका. जेव्हा ते अडकेल तेव्हा मधल्या पाण्यात असाल.

पुलरने सरळ ओढा. नवं बसवताना ग्रीसचं भोक हाउसिंगमधल्या ग्रीसच्या वाटेसमोर यायला हवं, नाहीतर बाहेरून कितीही ग्रीस मारा, आत जाणार नाही. बाहेरच्या रिंगवरच ठोका, आतल्या रिंगवर नाही. लाकडी ठोकळा आणि त्यावर हातोडीचे समान ठोके. बसल्याचा आवाज बदलतो, टक वरून टण्ण. तो एकदा कानात बसला की विसरत नाही.

चिकटद्रव्य आणि नवे बेलो

कंपनीच्या बेलोसाठीचं चिकटद्रव्यच वापरा. पंक्चरवाल्याचं सोल्यूशन, चपला शिवणाऱ्याचं सोल्यूशन, सिलिकॉन यांवर बेलो अवलंबून ठेवू नका. रबराच्या आतल्या कडेला आणि धातूच्या कडेला, दोन्ही बाजूंना पातळ थर. मग थांबा. बोट लावलं तर चिकटू नये इतकं सुकायला हवं, साधारण दहा मिनिटं. आमच्या उन्हाळ्यातल्या दुपारी त्याहून खूप लवकर सुकतं, पण वरून सुकतं आणि खाली ओलं राहतं, म्हणून सकाळी करा म्हणतोय. पावसाळी दमट हवेत उलट, अर्धा तास लागू शकतो. ओल्या चिकटद्रव्यावर बेलो चढवला की तो घसरतो, आणि क्लिप आवळली की हळूहळू मागे सरकून निसटतो.

जे टोक टेबलावर बसवता येतं ते टेबलावर बसवा. मी यू-जॉइंटचा बेलो बेल हाउसिंगला टेबलावर चढवतो, क्लिप लावतो, आणि मग त्याचं दुसरं टोक गिंबल हाउसिंगवर. बेलोच्या कडेच्या आत एक खाच असते, आणि धातूवर तिच्याशी जुळणारी कड. खाच कडेवर पूर्ण बसली पाहिजे, वर्तुळाच्या प्रत्येक बाजूने. बोट घालून फिरवून पाहा. एखाद्या बाजूला रबर वर चढलेलं असेल तर क्लिप लावण्याआधीच दुरुस्त होईल, नंतर नाही. काही बेलोंवर वरची बाजू दाखवणारी खूण कोरलेली असते, ती वर ठेवा. विजेच्या जोडणीची ती पट्टी क्लिपखाली परत घाला.

क्लिपचा स्क्रू अशा बाजूला ठेवा की पाना पोचेल आणि वळताना दुसऱ्या बेलोला टोक लागणार नाही. घट्ट किती? रबर क्लिपच्या कडेने थोडं फुगून यावं, पण क्लिप रबरात रुतून कापता कामा नये. जास्त जोर लावणाऱ्याच्या क्लिपचा स्क्रू घसरतो, आणि मग तो काढायला पुन्हा सगळं उतरवा.

एक्झॉस्टचा बेलो जागेवर चढवणं म्हणजे हाताची परीक्षा. त्याचं तोंड खाली, बोट पोचत नाही. बाजारात त्याचा ताणून धरणारा एक खास टूल मिळतो. तो नसेल तर बेलो गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून मऊ करा, कोरडा पुसा, मग चढवा. शेवटी केबलचा बारका बेलो. इथे घाई होते कारण मोठे झालेले असतात आणि माणूस दमलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना तीच साफसफाई, तेच चिकटद्रव्य, तीच वाट पाहणं.

मग बेल हाउसिंग पिनवर. नायलॉन वॉशर जागेवर, पिनच्या आट्यांना थ्रेडलॉकर, टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आपल्या मॉडेलसमोर दिलेला. अंदाजाने आवळू नका, कारण इथे जुन्या आणि नव्या ड्राइव्हचे आकडे वेगळे आहेत. सेन्सर, नळी, केबल परत. आता हाताने बेल हाउसिंग डावी-उजवी, वर-खाली पूर्ण फिरवा. एकाही टोकाला बेलो ताणला जाऊन कड सोडता कामा नये, आणि एकमेकांवर घासता कामा नये.

अलाइनमेंट

हे टाळणारा मेकॅनिक तुम्हाला चुकूनही नको. इंजिन मऊ माउंटवर बसलेलं असतं, आणि वर्षानुवर्षे ते माउंट खाली बसतात. मग इंजिनाचा शाफ्ट आणि गिंबल बेअरिंग एका रेषेत राहत नाहीत. ड्राइव्ह तसाच बसवला तर इंजिनामागच्या कपलरचे दाते घासून जातात.

अलाइनमेंट बारच्या पुढच्या टोकाला ग्रीस लावा आणि तो बेअरिंगमधून आत, कपलरच्या दात्यांपर्यंत घाला. दोन बोटांनी आत-बाहेर झाला पाहिजे. नाहीतर बेअरिंग तिरकं बसलंय का पाहा: ते स्वतःच थोडं फिरणारं असतं, बारच्या बाहेरच्या टोकावर वर-खाली, डावी-उजवीकडे हलके ठोके मारले की सरळ होतं. तरी अडत असेल तर इंजिनाच्या पुढच्या दोन माउंटचे नट समान अंतराने वर-खाली करा. एक बाजू वर, दुसरी तशीच, असं करायचं नाही. प्रत्येक समायोजनानंतर बार काढून टोकावरच्या ग्रीसवरचे दात्यांचे ठसे पाहा. सगळीकडे सारखे उमटले की झालं. त्या बोटीला मला दीड तास लागला. दुसऱ्या एखाद्या बोटीला पाच मिनिटंही लागू शकतात.

ड्राइव्ह परत बसवताना

शाफ्टवरच्या ओ-रिंग नव्या, ग्रीस लावून. बेल हाउसिंगवरची पाण्याच्या वाटेची ओ-रिंग आणि गॅस्केट नवी. दात्यांना ग्रीस. क्रॉस जॉइंट हाताने फिरवून पाहा, अडखळला तर हीच वेळ. पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, म्हणजे इंपेलर, तोही आताच बदला. आमच्या गढूळ, गाळाच्या पाण्यात तो समुद्रापेक्षा लवकर झिजतो.

गियर दोन्हीकडे पुढच्या स्थितीत, मग ड्राइव्ह सरळ आत ढकला. दाते न जुळल्याने अडकला तर पंखा फिरवून पुन्हा. नटांनी ओढून आत आणायचा नाही, तो हाताने जवळजवळ शेवटपर्यंत जायला हवा. सहाही नट एकमेकांच्या समोरासमोर आवळत ५० फूट-पाउंड, म्हणजे ६८ न्यूटन-मीटर. ट्रिम सिलिंडर, नळी, वायर.

ऑइल खालून भरा, वरून नाही. पंपाने खालच्या भोकातून भरत राहा, वरच्या भोकातून बुडबुडे थांबून शुद्ध ऑइल आलं की वरचा प्लग आधी बंद, मग पंप काढून खालचा. जनरेशन टूमध्ये दोन लिटरपेक्षा थोडं कमी बसतं. त्यानंतर इंजिनाजवळची ड्राइव्हच्या ऑइलची बाटली भरा, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पातळी पाहत राहा, कारण आतली हवा हळूहळू निघते.

जमिनीवर इंजिन सुरू करायचं तर ड्राइव्हच्या पाणी ओढायच्या जाळ्यांवर पाण्याच्या पाइपाच्या टोप्या लावा, नळ सुरू करून मगच चावी. कोरडं चालवलं तर आत्ता बसवलेला इंपेलर अर्ध्या मिनिटात जळतो.

पाण्यात सोडताना

ट्रेलरवरून बोट पाण्यात उतरवा, पण ट्रेलरवर बांधलेलीच ठेवा. इंजिन खोलीचं झाकण उघडून टॉर्च घेऊन ट्रान्समच्या आतल्या बाजूला बघत पंधरा मिनिटं बसा. कापडाने आतला भाग आधी कोरडा पुसून घ्या, म्हणजे पहिला ओघळ दिसेल. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि ट्रिम वर-खाली, पुन्हा बघा. कोरडं असेल तर मधल्या पाण्यात दहा मिनिटं चालवा, परत या, पुन्हा बघा. पहिली रात्र बोट काठाला न ठेवता ट्रेलरवर काढा, आणि दुसऱ्या दिवशी परत सोडून तासाभराने तळ तपासा.

पंख्याला जाळ्याचा दोर किंवा जलपर्णी गुंतली तर उलट गियर देऊन ओढू नका. इंजिन बंद करा, ड्राइव्ह उचला, चाकूने कापा.

बोट बाहेर काढली की ड्राइव्ह खाली, ताडपत्री मागच्या बाजूला बेलोपर्यंत झाकेल अशी, आणि खाली उंदरांसाठी पिंजरा. त्या बागायतदाराच्या बोटीचे काढलेले तीन जुने बेलो माझ्या गॅरेजात खिळ्याला टांगलेत, तारीख खडूने वर लिहून. पुढचे कधी काढायचे हे विचारायला तो आला की मी त्यांच्याकडे बोट दाखवतो.